पहिल्या हाकेची ओ

हैदराबाद
२८ जुलै २०२४

ती. आजीस,

साष्टांग नमस्कार मनातल्या मनात घातलाय, कारण वसतिगृहाच्या खोलीत आडवं व्हायला तेवढी जागा नाही.

तू फोनवर "बरं हाय, जेवत जा" एवढं बोलतेस आणि फोन आईच्या हातात देतेस. म्हणून हे पत्र. आई तुला वाचून दाखवेल. उत्तर तू सांगायचं, आईनं लिहायचं. आई, आजी बोलेल तसंच लिही गं. 'हाय'चं 'आहे' करू नकोस.

काम असं आहे. प्रबंधासाठी मी एकच शब्द घेतलाय, तोही एका अक्षराचा: ओ. इथे विद्यापीठात देशोदेशीची मुलं आहेत आणि मी ज्याला त्याला अडवून विचारते, तुमच्याकडे 'ओ' म्हणजे काय? फ्रेंच माणूस पाण्याला ओ म्हणतो. लिहिताना तीन अक्षरं लिहितो, बोलताना एकच. स्वीडनमध्ये छोट्या नदीला ओ म्हणतात, आणि हे दोन्ही ओ एकाच फार जुन्या पाण्याच्या शब्दाची लेकरं आहेत. तुर्की भाषेत ओ म्हणजे तो, आणि तीसुद्धा. शेजारच्या खोलीतली बंगाली मुलगीही तो किंवा ती याच अर्थानं ओ म्हणते, पण या दोन भाषांचं काही नातं नाही, निव्वळ योगायोग. स्पेनमध्ये ओ म्हणजे 'किंवा'. कोरियात पाच. आयर्लंडच्या आडनावांच्या आधी जो ओ येतो, त्याचा मूळ अर्थ नातू.

मराठीच्या रकान्यात मी शब्दकोशातून उतरवून घेतलं, 'हाकेला दिलेले उत्तर'. आमच्या मार्गदर्शक बाईंनी त्यावर लाल रेघ ओढली. म्हणाल्या, हे शब्दकोशालाही माहीत आहे, तू वेगळं काय सांगतेस? कोण कोणाला ओ देतं, आणि कधी देत नाही?

'कधी देत नाही' मला सांगता येईना. तुला येईल ना?

तुझी,
मैथिली


कापडे, ता. पोलादपूर
९ ऑगस्ट २०२४

मैथिली बाय,

अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद तुझ्या आईनं मी तोंड उघडायच्या आधीच लिहून टाकलेत, म्हणून परत देत नाय. सांगणारी सासू आणि लिहिणारी सून, म्हणजे हिच्याबद्दल एक वाकडा शब्द सांगायची सोय नाय. एवढी शिकलीस, पण हे तुला सुचलं नाय.

(सुचलं होतं. म्हणूनच मला लिहायला बसवलंय. — आई)

बघ, मधेच तोंड घालते.

तुझं पत्र तिनं दोनदा वाचलं. पाण्याला ओ म्हणणारे लोक मला पटले. घसा सुकला की माणसाला ह्याच्यापेक्षा जास्त बोलता येत नाय. पण सगळ्यात बरं तुर्की बायकांचं. ओ म्हटलं की नवरा आला त्यात, नाव घ्यायची भानगड नाय. मी तुझ्या आजोबांना चाळीस वर्षं "ऐकलं का" म्हणून हाक मारली आणि त्यांनी काय ऐकलं नाय. नुसतं ओ म्हटलं असतं तर माझा दम तरी वाचला असता. आणि नातवाला ओ म्हणतात तर नातीला काय म्हणतात, ते तू लिहिलं नायस. नातीची कोणाला पडलेली नाय, तिकडे पण. आंबेनळी घाटाच्या वळणांवर तू लहानपणी पिशवीत तोंड घालून ओ ओ करायचीस, तो अर्थ कुठल्या रकान्यात घालणार हायस?

आता कधी देत नाय ते सांगते.

घरात, अंगणात, शेतात पहिल्याच हाकेला ओ द्यायची. मोठ्या माणसानं हाक मारली आणि गप्प बसलं तर ते पोर उर्मट. पण वर, घाटाच्या अंगाला, धुकं उतरलेलं असताना पहिल्या हाकेला ओ द्यायची नाय. दुसऱ्या हाकेला पण नाय. माणूस असला तर तो तिसऱ्यांदा हाक मारतो. जे माणूस नाय ते तिसऱ्यांदा मारत नाय. आणि त्याला ओ दिलीस की तुझं घर त्याला कळलं.

तू हसशील. हस. पण मी ह्या नियमापायी मरत होते.

माझ्या लग्नाला दुसरं वर्ष. भादवा महिना. मी नि माझी थोरली जाऊ ठकू, म्हणजे तुझी थोरली आजी, आंबेनळीच्या खालच्या उताराला गवत कापायला गेलेलो. दुपार होती, पण धुकं असं की हातातला विळा दिसत नाय. सकाळी आमचं भांडण झालेलं, म्हणून ती एका अंगाला, मी दुसऱ्या. माझा पाय सटकला तो सरळ घळीत. मागनं धोंडा आला आणि छातीवर बसला. आत श्वास उरला तो एका हाकेपुरता. "धावा" एवढं ओरडले आणि संपले.

वर रानात माणसं होती. गुराखी होते, गवताला आलेल्या बाया होत्या. सगळ्यांनी ऐकलं. सगळे दुसऱ्या हाकेची वाट बघत उभे ऱ्हायले. नियमाची माणसं, त्यांना तरी काय बोलणार? माझ्याकडे दुसरी हाक नव्हती.

आणि वरनं ओ आली. लगेच आली. बारीक होती, लांबनं होती, पण माणसाची होती. ती ऐकली आणि मी जो काय श्वास उरला होता तो धरून ठेवला. म्हटलं, कोणीतरी निघालंय, आता एवढ्यात मरायला नको.

डोळे उघडले तेव्हा काशीराम धोंडा ढकलत होता. आपल्या वाडीतलाच, तेव्हा पोरगेला होता. पाठीवर घालून त्यानंच मला वर आणलं. तेव्हापासून नवं भात घरात आलं की पहिला तांदूळ काशीरामच्या घरी जातो, मग देवाला. तो तांदूळ घेतो, मान खाली घालतो आणि एक अक्षर बोलत नाय. केलेलं बोलून न दाखवणारा असा माणूस मी दुसरा बघितला नाय.

ठकू मागनं आली. आली ती विळा हरवलास म्हणून मलाच बोलली. अशी ती. पुढं चुली वेगळ्या झाल्या, आता पंधरा वर्षं महाडला लेकाकडे, सयाजीकडे हाय. लग्नाकार्यात भेटते आणि माझ्या लुगड्याला खोड काढते.

रकान्यात मावेल एवढंच घे. जेवत जा.

तुझी आजी
(अंगठा आजीचाच. शाई मी लावली, तर म्हणतात जास्त लावलीस. — आई)


हैदराबाद
२१ ऑगस्ट २०२४

ती. आजीस,

तुझं पत्र मी खोलीतल्या तुर्की मुलीला इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, तिची आजीसुद्धा नवऱ्याला नावानं हाक मारत नाही. मग आम्ही दोघी बराच वेळ आपापल्या आज्यांबद्दल बोलत बसलो आणि चहा गार झाला.

बाईंनी पत्र वाचलं. कपाटातून चष्मा पुसायचं फडकं शोधत बसल्या. मग म्हणाल्या, हाच तुझा मराठीचा रकाना, पण अर्धाच आहे. नियम कळला. तो मोडला कोणी हे कळलं, पण का मोडला हे कळलं नाही.

आजी, काशीराम आजोबा तेव्हा सगळ्यांसारखेच वाढलेले ना? तेच नियम, तेच रान. मग त्यांनीच दुसऱ्या हाकेची वाट का बघितली नाही? भीती वाटली नाही? तू कधी विचारलंस? नसशील तर माझ्यासाठी विचार. आणि जमलं तर ओ देताना आवाज कसा लावला, तेही. तू बारीक म्हणालीस. त्यांचा आवाज तर मला आठवतो तसा ढोलासारखा आहे. धुक्यात आवाज बदलतो का?

आणि एक. हे सगळं लहानपणापासून मला कोणी कसं सांगितलं नाही? ती ओ आली नसती तर बाबा नसते, मीही नसते. मी इतके दिवस देशोदेशीचे ओ गोळा करत होते आणि मी स्वतः ज्याच्यामुळे आहे तो कापड्यात होता.

काशीराम आजोबांना माझा नमस्कार सांग. वाकून केलेला.

तुझी,
मैथिली


कापडे
६ सप्टेंबर २०२४

मैथिली,

उद्या गणपती. घर सारवून, पुसून झालंय, तुझी आई दमलीय, तरी लिहायला बसवलंय तिला. आज थट्टा नाय.

काशीरामकडे गेले. ओटीवर बसलेला. त्याला म्हटलं, नात विचारते, पहिल्या हाकेला ओ का दिलीस? आणि तुला वाकून नमस्कार केलाय तिनं. तो उठला. मग आत जाऊन पाणी प्यायला, परत आला, परत आत गेला. म्हटलं ह्याला झालंय काय. शेवटी उंबऱ्यावरच बसला आणि बोलला.

"मी नाय दिली गो वयनी. मी दुसरी हाक मोजत होतो."

मैथिली, सत्तावन्न वर्षं.

ओ ठकूनं दिली. ती त्याच्यापासनं चार हातावर गवत कापत होती. माझी हाक आली तशी तिनं ओ दिली आणि विळा टाकून पळत सुटली. तो तिला अडवायला गेला, वयनी, थांबा, अजून दोन यायच्या हायत. ती बोलली, ती माझी जाऊ हाय, तिचा आवाज मी ओळखते, चल. धोंडा तिला एकटीला हलेना, म्हणून त्याला हाताला धरून ओढत आणलान. मी डोळे उघडले तेव्हा ती माझ्या डोक्यामागं होती, माझं डोकं मांडीवर धरून. मला पुरती शुद्ध नव्हती, मी बघितला तो काशीराम.

आणि मग गप्प का बसली, ते पण त्यानं सांगितलं. त्याच महिन्यात ठकूची पोर गेली. सहा महिन्यांची होती, तापानं गेली. गावात कळलं असतं की धुक्यातल्या पहिल्या हाकेला हिनं ओ दिली होती, तर लोकांनी दोन आणि दोन करून टाकले असते. ठकूनं काशीरामला गेलेल्या पोरीची आण घातली. बोलली, मला काय बोलतील ते बोलतील, पण तुळजेला, म्हणजे मला, बोलतील. हाक हिची होती म्हणतील. नवी सून हाय, तिला ह्या घरात जगू देणार नायत. तूच दिलीस म्हणून सांग. बाप्या माणसाला काय होत नाय.

मी म्हटलं, अरे, मग इतकी वर्षं तांदूळ कसा घेत ऱ्हायलास? तर म्हणतो, आण घातलेली, नाय कसं म्हणू? आणि तांदूळ पण चांगला असायचा. ह्या गोष्टीला मला हसू आलं, आणि मग जे आलं ते हसू नव्हतं.

(आजी दोन दिवस नीट जेवलेल्या नाहीत. आणि कालच सयाजी भाऊजींचा महाडहून फोन होता. थोरल्या आजींनी अन्न सोडल्यासारखं केलंय. डॉक्टर म्हणतात, दुखणं मोठं नाही, पण त्या तोंडच उघडत नाहीत, अशानं फार दिवस काढणार नाहीत. — आई)

आता तू सांग. तुझ्याकडे एवढ्या भाषा हायत. त्यात कुठला शब्द हाय, जो मी ठकूसमोर जाऊन बोलू शकेन? आमच्यात नाय. आभार म्हणजे सत्यनारायणाला माईकवर शेवटी उभा ऱ्हातो तो माणूस म्हणतो ते. मी ठकूला आभार म्हटलं तर ती माझ्या अंगावर तांब्या फेकेल. आणि काय न बोलता गेले, तर ती जाईल आणि मी ऱ्हाईन.

लवकर लिही.

आजी


हैदराबाद
१४ सप्टेंबर २०२४

आजी,

पत्र आत्ता मिळालं आणि आत्ताच लिहितेय. टपाल पोहोचायच्या आधी आईला फोनही करणार आहे, पण तू लिही म्हणालीस म्हणून लिहिते.

शब्द नाही. मी सगळ्या खोल्या फिरले. आभाराचे शब्द सगळ्यांकडे आहेत, पण ते चहाचा कप हातात दिला की म्हणायचे. तुर्की मुलीला सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, असं असेल तर आमच्याकडे काही बोलत नाहीत, जाऊन बसतात.

मीही एक कबूल करते. मला थोरली आजी कधी आवडली नाही. लहानपणी ती मला "तुळजेची नात, तशीच लबाड" म्हणायची आणि मी पळून जायचे. आता वाटतं, तिच्या तोंडून तुझं नाव किती वेळा येत होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

गणपती गेले की थांबू नकोस. पाऊस असला तरी जा. शब्दासाठी तर मुळीच थांबू नकोस.

मैथिली


महाड
३ ऑक्टोबर २०२४

मैथिली बाय,

आज घट बसले. हे पत्र विनीता लिहितेय, सयाजीची बायको. शाळेतली बाई आहे, 'हाय' लिहायला सांगितलं की हिची लेखणी अडते. तेव्हा माझं बोलणं हिनं धुऊन, इस्त्री करून घातलंय. एकमेकींना जे बोललो तेवढं मात्र तसंच ठेवायचं कबूल करून घेतलंय.

विसर्जन झालं आणि मी आले. तुझी आई पोलादपूरपर्यंत सोडायला आली होती, मग म्हणाली महाडपर्यंत येते, मग दारापर्यंत आली. माझ्यावर विश्वास नाही तिचा, म्हणाली, तुम्ही तळ्यावरूनच परत फिराल. खोटं नाही. चवदार तळ्याजवळ रिक्षा थांबली तेव्हा मी रिक्षावाल्याला परत फिरव म्हणणारच होते. गाडीत सारा वेळ मनात घोकत होते, आधी हे बोलायचं, मग ते. सगळं मांडून ठेवलेलं.

ठकू भिंतीकडे तोंड करून पडलेली. केवढीशी झालीय. एके काळी भाताचा भारा एका हातानं उचलणारी बाई, आणि आता चादरीखाली कोणी आहे की नाही कळत नाही. चार दिवस चमच्यानं पाणी तेवढं घेत होती. मी जवळ बसले आणि घोकलेलं सगळं गेलं. एक शब्द सापडेना. बसून राहिले. तुझ्या तुर्की मुलीनं सांगितलं तसं झालं, पण ठरवून नाही.

बऱ्याच वेळानं भिंतीकडेच तोंड ठेवून ती बोलली.

"काश्यानं तोंड उघडलं वाटतं."

म्हटलं, तुला कसं कळलं? तर म्हणते, "त्याशिवाय तू आली नसतीस. आणि आली असतीस तर आत्तापर्यंत दोन शब्द सुनावले असतेस."

मग मी विचारलं. "तू सांगितलं का नाय गो? तेव्हाचं कळलं. पण मागनं तरी? सासूबाई गेल्या, मोठी माणसं सगळी गेली, मग कोण होतं बोलायला?"

ती वळली. वळायलाच तिला किती वेळ लागला. म्हणाली, "सांगितलं असतं तर जन्मभर माझ्यापुढं वाकून ऱ्हायली असतीस. मी म्हणेन ते हो म्हणाली असतीस. त्या घरात मला एक बरोबरीची होती भांडायला, ती पण गेली असती."

मी तिचा हात धरला. तो तिनं सोडवला नाही.

तुला खरं सांगते, मला एकाच गोष्टीची भीती होती. गेली सत्तावन्न वर्षं तिला वाटत असेल का, की त्या ओ पायीच तिची पोर गेली? हे विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं. ती म्हणाली, दोन वर्षं वाटत होतं. पोरीला ताप आधीचाच होता, हे माहीत असून वाटत होतं. मग सयाजी झाला. तो रात्रंदिवस रडायचा आणि कोणाकडे राहायचा नाही, माझ्याकडे राहायचा. मी त्याला पाठीला बांधून दळायचे, पाणी आणायचे. "तेव्हा एक दिवस बघितलं, तू आणि तो दोघं उन्हात झोपलेलात. म्हटलं, त्या दिवशी मी गप्प बसले असते, तर ह्याला कोण घेतं? त्यानंतर वाटलं नाय."

मैथिली, मी तिच्याकडे काय घेऊन आले होते आणि तिनं माझ्याच ओटीत काय घातलं बघ. मला तर वाटायचं, तिला काम नको म्हणून पोर माझ्या गळ्यात टाकते. दोन-चार जणींना बोलूनही दाखवलेलं. त्यांतल्या आता कोणी उरल्या नाहीत, म्हणून तुला सांगते, माझी चूक होती.

मग आम्ही पोरीचं नाव घेतलं. येसू. ती गेल्यापासून त्या घरात कोणी घेतलं नव्हतं. आधी ठकूनं घेतलं, मग मी. एवढंच. पण त्यानंतर तिनं विचारलं, पिशवीत काय आणलंस? पेजेसाठी तांदूळ आणला होता, कापड्याचा. मीच चूल— विनीता म्हणते गॅस लिही— मीच गॅसवर पेज केली. अर्धी वाटी घेतली तिनं आणि म्हणाली, तांदूळ मागल्या सालचा आहे. म्हटलं, यंदाचा अजून शेतात उभा आहे, तुला घाई असेल तर कापून घेऊन ये. सयाजी दारात उभा राहून ऐकत होता. त्याला कळेना आम्ही भांडतोय की काय करतोय, पण तोंड फिरवून डोळे पुसत होता.

त्याला आज पंधरा दिवस झाले. मी अजून कापड्याला परत गेले नाही. ठकू उठून बसते, काठी घेऊन परसदारी जाते, आणि माझ्या हातच्या भाजीला नावं ठेवते. डॉक्टरांनी औषध बदललेलं नाही. दसरा झाला की तिला कापड्याला नेणार आहे, नवं भात येईपर्यंत. विनीता म्हणते, दोन दिवस तरी घर शांत वाटेल. ही पण आता बोलायला शिकली.

काशीरामचं काय करायचं, हा प्रश्न होता. ठकू म्हणते, तांदूळ त्याचा बंद करू नको. धोंडा त्यानंच ढकलला, आणि इतकी वर्षं माझी आण त्यानं सांभाळली, ते काय सोपं होतं का? तेव्हा तोही जाईल. आधी ठकूला, मग त्याला, मग देवाला. देव समजून घेईल, त्याला तिसऱ्या नंबरची सवय होईल.

आता तुझ्या रकान्याचं. तुझी सगळी पत्रं विनीतानं ठकूला वाचून दाखवली. पाणी, नदी, पाच, नातू, सगळं ऐकून घेतलं तिनं डोळे मिटून. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, लिही तिला, आणि तिनंच सांगितलं ते विनीता खाली तसंच लिहितेय. खाली अंगठे दोन आहेत. डावीकडचा नीट उठलेला माझा.

"तुळजेच्या नाती, मी ठकू. तू एवढ्या मुलकांतल्या पोरींना विचारतेस, तुमच्याकडं ओ म्हणजे काय. ते ऱ्हाऊ दे. त्यांना एवढंच विचार, तुमच्याकडं कितव्या हाकेला देतात."